टाकीतला हेवा

जॉर्डनमधल्या मआन गावाच्या वेशीवरल्या डिझेल पंपावर त्या शुक्रवारी नमाज सुटल्यावर अशी गर्दी लोटली, की मधोमध काय चाललंय ते बघायला माणसं ट्रकांच्या टपांवर चढली. मध्ये उभे होते डॉक्टर बुरहान. अंगात पांढराशुभ्र डगला, खिशाला तीन पेनं, हातात तपकिरी बाटली. ते नेमके कशाचे डॉक्टर, हे कुणी विचारलं नाही. डगला पांढरा होता, तेवढ्यावर लोकांचं भागलं.

"बंधूंनो, तुमचं डिझेल झोपलेलं असतं," डॉक्टर सांगत होते. "शंभर थेंब इंजिनात जातात. त्यातले चाळीस राबतात आणि साठ घोरत घोरत धुराड्यातून बाहेर पडतात. माझा अर्क त्या साठांच्या कानात जाऊन सांगतो, उठा, कामाला लागा!"

मग त्यांनी दोन बशा मांडल्या. एकीत साधं डिझेल वातीवर पेटवलं, ते काळा धूर सोडत फडफडलं. दुसरीत नुसता अर्क पेटवला, त्याची निळी, निर्मळ ज्योत उठली. स्पिरिटचा दिवा ज्याने पाहिलाय त्याला ती ज्योत लगेच ओळखू आली असती. पण चमत्कार बघायला आलेला माणूस ओळखीच्या गोष्टी घरी ठेवून येतो. "सुभान अल्लाह" असा गजर झाला.

"आता यांना विचारा," असं म्हणत डॉक्टरांनी सत्तामला पुढे ओढलं.

सत्ताम म्हणजे अबू ग़ालिब. तिकडे बापाला थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात. पाच पोरं, पाचही ड्रायव्हर, मोठ्या अंगणाचं घर, मुठीत न मावणाऱ्या मिशा. तो छाती काढून म्हणाला, "खाणीवरून फॉस्फेट भरायचं, अकाबा बंदरावर उतरवायचं आणि रिकामं परत यायचं. तोच रस्ता, तोच ट्रक. अर्क घालायला लागल्यापासून टाकीमागे दहावा हिस्सा वाचतोय. खोटं बोलत असेन तर या मिशा उतरवा."

"मा शा अल्लाह," गर्दी म्हणाली. नजर लागू नये म्हणून हे म्हणायचं असतं.

मागे टायरच्या ढिगाला टेकून उभा असलेला मुफलेह तेवढं काही म्हणाला नाही.

आता सत्ताम काही परका नव्हता, चांगला व्याही होता. मुफलेहची थोरली लेक नौफा त्याच्याच घरात, ग़ालिबला दिलेली. पण व्याही झाला म्हणून हेवा सुटतो असं थोडंच आहे? मुफलेहला चार मुलीच. तो भाड्याच्या घरात राहायचा आणि त्याच्या मिशाही विरळ होत्या. त्याच्यापाशी एकच गोष्ट अशी होती जी सत्तामकडे नव्हती, ती म्हणजे त्याचा पाय. मुफलेहइतक्या कमी डिझेलात अकाबा गाठून परत येणारा ड्रायव्हर त्या रस्त्यावर दुसरा नव्हता. नवी पोरं ट्रकवर चढली की बुजुर्ग त्यांना सांगायचे, "चालवायचं तर मुफलेहच्या पायाने चालव." जन्मभर जपलेली ही एवढीच मिरास. आणि आता सत्ताम एक बाटली ओतून त्याच्या बरोबरीला आला होता. माणसाचा हेवा एकवेळ गिळता येतो. इथे मुफलेहला बाटलीचा हेवा वाटत होता.

डॉक्टरांचं अजून संपलं नव्हतं. "औषध आलं की पथ्य आलं. ऐंशीच्या वर पळवायचं नाही. चहाला उतरलात की इंजिन बंद. नकबचा घाट गिअरमध्येच उतरायचा. पुढे रांग दिसली की पाय आधीच काढून घ्यायचा, ऐनवेळी ब्रेक मारायचा नाही. चाकांत हवा पुरेपूर. पथ्य मोडलं की अर्क टाकीत आंबतो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि हेवेखोराच्या टाकीत तर तो पडताक्षणी मरतो. तिथे माझाही इलाज नाही."

मुफलेहने एका ओळखीच्या पोराकरवी गुपचूप बाटली मागवली. घातली, अकाबाला जाऊन आला. पुन्हा घातली, पुन्हा जाऊन आला. काटा तिथल्या तिथे. आधी जेवढं लागायचं तेवढंच लागलं, थेंबभरही कमी नाही.

पंपावर गुपित टिकत नाही. दुसऱ्याच दिवशी चहाच्या टपरीवर तो बसला तसा शेजारचा उठला.

"अबू नौफा, तुमचा ट्रक जरा पलीकडे लावता का? माझ्या टाकीचं झाकण सैल आहे."

"म्हणजे रे काय?"

"काही नाही हो. अर्क महाग आहे, उगाच मरायला नको."

टपरीभर हशा पिकला. कुणीतरी शेजारच्या ट्रकच्या पाठीवर रंगवलेल्या अक्षरांकडे बोट दाखवलं. 'हेवा करणाऱ्याच्या डोळ्यात काठी.' तिकडे प्रत्येक दुसऱ्या ट्रकवर ते असतंच, मुफलेहच्या स्वतःच्या ट्रकवरही होतं. चहा न संपवताच तो उठला.

ट्रकपुरतं असतं तर त्याने सोसलं असतं. पण पुढच्या आठवड्यात तो नातवाला बघायला सत्तामकडे गेला. मिशाल तेव्हा चार महिन्यांचा होता, आजोबांचा आवाज ऐकला की हातपाय झाडायचा. मुफलेहने दोन्ही हात पुढे केले. तेवढ्यात विहीणबाईंनी पोराच्या तोंडावर फडकं ओढलं.

"झोपायला आलाय हो," त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या. "मागच्या खेपेला तुम्ही घेतलंत आणि रात्रीच त्याला कणकण आली."

फडक्याखाली मिशाल टक्क जागा होता. त्याची मूठ बाहेर आली होती.

मुफलेहने हात मागे घेतले, कारण त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. हेवा तर होताच. तो कुणापासून लपवला तरी स्वतःपासून कसा लपवणार? आणि जो अर्क अवघ्या गावाला लागू पडला, तो एकट्या त्याच्याच टाकीत मेला होता. फाटकापर्यंत सोडायला आलेल्या नौफाला तो म्हणाला, "पोरी, खरंच माझ्या डोळ्यात काही वाईट असेल तर... मी येत नाही काही दिवस. पोराला दाखवू नकोस मला."

नौफा सरकारी दवाखान्यात औषधं द्यायची. दिवसभर लोकांच्या भलत्यासलत्या समजुती ऐकून तिचा आवाज जरा वरच्या पट्टीतच लागायचा. आज ती अगदी हळू बोलली.

"बाबा, कणकण त्या आठवड्यात आख्ख्या गल्लीतल्या पोरांना होती. त्या सगळ्यांना तुम्ही घेतलं होतं का?"

"पण अर्क, नौफा. माझ्याच टाकीत कसा मेला?"

"मला सांगा, अर्क नसताना तुम्ही ट्रक कसा चालवता?"

"कसा म्हणजे? माणसासारखा. पळवत नाही. उतरलो की बंद करतो. घाट गिअरमध्ये उतरतो. लांबूनच..." मुफलेह बोलता बोलता थांबला.

"हे तर पथ्य झालं," नौफा म्हणाली. "तुम्ही ते जन्मभर पाळताय. मग तुमचं आणखी वाचणार कुठून? बाबा, साखरेच्या रोग्याला मी गोळी देते आणि सांगते, गोड बंद. साखर उतरते. त्यात गोळीचं किती आणि पथ्याचं किती, हे नुसतं बघून कळतं का? त्यासाठी एक चालू ठेवून दुसरं काढून बघावं लागतं."

"बघणार कोण? हेवेखोराचं कोण ऐकतंय?"

"त्याचं मी बघते," ती म्हणाली आणि आत गेली.

आता ही अर्काची एजन्सी मआनात होती सत्तामकडेच. डॉक्टर अम्मानहून मोठाले डबे धाडायचे. ते घरात फोडून बाटल्या भरायचं काम बायकांवर यायचं, आणि नरसाळं धरायला हात स्थिर म्हणून ते नौफाच्या गळ्यात पडलेलं. पुढला डबा आला तेव्हा तिने तो कोठीत पोत्यांमागे सारला आणि बाटल्यांत पंपावरलं साधं डिझेल भरलं. ग़ालिबला तेवढं सांगितलं. तो घाबरला. "अब्बांना कळलं तर घरात राहायची सोय नाही आपली," म्हणाला. पण ती म्हणाली, "आज तुझ्या सासऱ्याच्या तोंडापुढे फडकं ओढलं. उद्या कुणी तुझ्यापुढे ओढेल." मग डिझेल तोच आणून देऊ लागला.

मिशालला पहिला दात आला. दात आला की त्या मुलखात गहू शिजवून, साखर आणि सुकामेवा घालून गल्लीला वाटायचे असतात. सत्तामने गव्हावर भागवलं नाही. बकरा कापला, अंगणात सतरंज्या अंथरल्या, झाडून सगळ्या ड्रायव्हरांना बोलावलं आणि डॉक्टर बुरहानांना मानाच्या उशीला टेकवून बसवलं. व्याह्याला न बोलवावं तर लोक नावं ठेवतात म्हणून मुफलेहलाही बोलावणं होतं. तो दाराजवळ चपलांशेजारी बसला.

जेवणं झाल्यावर कडू कॉफी फिरली आणि डॉक्टरांचं सुरू झालं. "सांगा बंधूंनो, या महिन्यात अर्काने काय दिलं?"

एकेक जण सांगू लागला. कुणाचा दहावा हिस्सा वाचला होता, कुणाचा बारावा. सत्ताम म्हणाला, "या महिन्यात तर मागच्यापेक्षा सरस. हा माल फारच कडक आलाय." मुफलेहचा मात्र तिथे बसल्या बसल्या तिळपापड होत होता.

तेवढ्यात कोठीतून नौफा आली. तिच्यामागे ग़ालिब डबा उचलून आणत होता. त्याने तो अंगणाच्या मधोमध ठेवला. डब्याचं सील जसंच्या तसं होतं.

"काका, हा तो कडक माल," नौफा सत्तामला म्हणाली. "महिन्यापूर्वी आलाय, अजून फोडलेला नाही. बाटल्यांत मी पंपावरलं डिझेल भरत होते. तुम्ही सगळे महिनाभर डिझेलमध्ये डिझेल घालताय."

सत्तामने डबा उचलून पाहिला, हलवला, पुन्हा खाली ठेवला.

डॉक्टर मात्र मुरलेले होते. "बघितलंत? हिच्या बापाच्या हेव्याने मुलीचेही हात..."

"तेच म्हणते मी," नौफा म्हणाली. "हेवेखोराच्या मुलीने भरलेल्या बाटल्या, आणि आत औषधाचा थेंब नाही. मग तर सगळ्यांचं बिघडायला हवं होतं. वाचलं कसं?"

"पथ्य पाळलं ना सगळ्यांनी!" डॉक्टर बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांनी ओठ घट्ट मिटले. पण शब्द बाहेर पडला होता. एक म्हातारा ड्रायव्हर खो खो हसत सुटला.

"पथ्यानेच वाचलं," नौफा म्हणाली. "ज्याला गुण आला त्याला अर्काने आला. ज्याला नाही आला त्याने पथ्य मोडलं. आणि ज्याने पथ्यही मोडलं नाही तो हेवेखोर. मग हा अर्क हरणार तरी कधी? जे कधीच हरू शकत नाही ते औषध नसतं हो, ती थाप असते."

डॉक्टर उठून चपला शोधू लागले. जाता जाता त्यांनी सगळं सत्तामच्या अंगावर लोटलं. "मला कशाला बोलता? पथ्य मला यांनीच सांगितलं. मी काय ट्रक चालवतो?"

सगळ्या माना सत्तामकडे वळल्या. त्याने मिशीवरून हात फिरवला.

"त्याने विचारलं होतं, डिझेल वाचवायचं तर ड्रायव्हरने काय करावं," तो म्हणाला. "मला जे माहीत होतं ते सांगितलं. मुफलेह कसा चालवतो ते." तो व्याह्याकडे बघेना. "वीस वर्षं याच्या मागून ट्रक नेतोय. कुठे पाय काढतो, कुठे बंद करतो, सगळं पाठ आहे मला. पण जो तो म्हणायचा, मुफलेहच्या पायाने चालव, मुफलेहच्या पायाने चालव. जळायचो मी. तसं चालवलं असतं तर हा मोठा आणि मी त्याचा चेला झालो असतो. बाटली आली तेव्हा बरं वाटलं. बाटलीच्या नावाखाली चालवता आलं."

वीस वर्षं मुफलेह पुढून जळत होता आणि हा मागून. एवढ्या जाळात दोघांच्याही टाकीतलं थेंबभर डिझेल कमीजास्त झालं नव्हतं.

तो उठून सतरंजीच्या मधोमध आला. "अबू ग़ालिब, मलाही तुमचा हेवा वाटतो. पाच पोरांचा, घराचा, मिशांचा. आज या मेजवानीचाही वाटला. उद्याही वाटेल, खोटं कशाला बोलू? पण मला वाटलं होतं की त्या हेव्याने या पोराला ताप येतो. दोन महिने त्याचं तोंड पाहिलेलं नाही मी."

विहीणबाई आतून मिशालला घेऊन आल्या, पण अर्ध्या वाटेत थबकल्या. एक चुकलं म्हणून सगळंच चुकलं असं मन लगेच मानत नाही.

"आई, डिझेलला माणसाच्या मनातलं कळत नाही," नौफा म्हणाली. "त्याला पेडलवरचा पाय तेवढा कळतो. तापाचंही तसंच. त्याला जंतू लागतो, आजोबांची नजर नाही. पटत नसेल तर सोपं आहे. आज त्यांच्याकडे द्या, उद्या द्या, परवा द्या. काय होतं ते तुमच्याच डोळ्यांनी बघा. मी सांगते म्हणूनही मानू नका."

सत्तामने पुढे होऊन बायकोच्या हातून पोर घेतलं आणि मुफलेहच्या हातात दिलं. मुफलेहने सवयीने नजर खाली वळवली.

"वर बघा," सत्ताम म्हणाला. "सगळ्यांसमोर बघा. हवं तेवढं बघा."

मुफलेहने मान वर करून नातवाकडे पाहिलं. मिशालने आजोबांचं बोट तोंडात ओढून घेतलं आणि नव्या दाताने कडकडून चावलं.