एक बिल्ला अजून खुंटीवर

खाणीच्या लॅम्परूममध्ये काकूंचं राज्य होतं, आणि त्या राज्याचा कायदा अगदी सुटसुटीत. खाली उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला खुंटीला अडकवायचा आणि दिवा घ्यायचा. वर आलं की दिवा परत द्यायचा आणि बिल्ला काढून न्यायचा. खुंटीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस अजून खाली आहे. मग जग इकडचं तिकडे होवो, काकू खोलीला कुलूप लावणार नाहीत.

आज जग खरंच इकडचं तिकडे होत होतं. राज्याचं नवं ऊर्जा धोरण आलं होतं. कोळसा टप्प्याटप्प्याने बंद, सूर्यावरची वीज सुरू, आणि म्हाताऱ्या खाणी सगळ्यात आधी. ही खाण म्हाताऱ्यांतली म्हातारी. खाली काम करणाऱ्या तरुणांना दूरच्या शहरात सोलरचं प्रशिक्षण मिळणार होतं. काकू वर बसून दिवे देत, त्यामुळे धोरणाच्या हिशेबी त्या खाणीत कधी नव्हत्याच.

"बरंय," काकू तेव्हा म्हणाल्या होत्या, "म्हणजे इतकी वर्षं मी घरीच लोळत होते तर."

दुपारी शेवटची पाळी वर आली. बाहेर मांडव, खुर्च्या, राजधानीहून आलेल्या ऊर्जा खात्याच्या बाई, आणि खाणीचं तोंड कायमचं बुजवायला काँक्रीटची गाडी घरघरत उभी. जो तो फोटो काढण्यात दंग. खिडकीत दिव्यांचा ढीग पडला, भराभर बिल्ले निघाले, कोणी काकूंचा हात हातात घेऊन नुसतंच उभं राहिलं. गर्दी ओसरल्यावर काकूंनी वळून पाहिलं. भिंतभर रिकाम्या खुंट्या, आणि मधल्या ओळीत एक बिल्ला.

त्यावरचा नंबर वाचायची गरजच नव्हती. आधी तो काकूंच्या नवऱ्याचा होता, तो गेल्यावर पोराचा झाला. कडा झिजून पार गुळगुळीत झाल्या होत्या.

त्यांनी पोराला फोन लावला. संपर्क होऊ शकत नाही. खाली असलेल्या माणसाचा फोन हेच सांगतो.

लिफ्ट चालवणाऱ्याला सगळे तिरसिंगराव म्हणत. काकूंनी त्याला गाठलं.

"मी सगळ्यांना वर आणलंय," तो फणकारला. "शेवटच्या खेपेला दार मीच लावलं."

"चेहरे पाहिलेस?"

"काळ्या ठिक्कर चेहऱ्यांत काय पाहणार? त्यात फोटोसाठी ढकलाढकली..."

मॅनेजरसाहेब घड्याळ बघत आले. "काकू, कोणीतरी आठवण म्हणून दिवा लांबवला असेल. पाहुण्या खोळंबल्यात."

"लांबवला असेल," काकू म्हणाल्या. "आणि नसेल तर?"

काकू तरातरा मांडवापलीकडे गेल्या आणि काँक्रीटच्या गाडीसमोर उभ्या राहिल्या. ऊर्जा खात्याच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हातातलं भाषण मिटलं आणि म्हणाल्या, "गाडी बंद करा. खाली माणसं पाठवा."

तिरसिंगराव दोघांना घेऊन उतरला. काकू त्या काळ्या तोंडाशी थांबल्या. मागे सगळं गाव होतं, पण कोणी जवळ येईना. पोरगा पुढच्या आठवड्यात प्रशिक्षणाला निघणार होता. काल त्याने बूट घासूनपुसून चकाचक केले होते. खाणीत उतरायला कोण बूट चमकवतं?

तेवढ्यात फोन वाजला.

"आई."

मागे बसचं इंजिन घरघरत होतं.

"कुठेयस?"

"बसमध्ये. घाटात रेंज नव्हती. तू रडशील म्हणून सांगितलं नाही. म्हणजे, मीच रडलो असतो."

"दिवा?"

"सॅकमध्ये आहे. सकाळी घेतला, पण खाली उतरलोच नाही."

त्याला धरून बडवावं असं काकूंना वाटलं, पण धरायला तो होता कुठे? काकू बाईंकडे वळल्या. "वर आहे तो," त्या म्हणाल्या. आजवर हे वाक्य म्हणताना त्यांचा जीव भांड्यात पडायचा. आजही पडला, पण आज वर असलेला माणूस घरी येणार नव्हता.

खाली गेलेले वर आले. काँक्रीट ओतलं गेलं. सूर्यावर भाषण झालं, टाळ्या झाल्या, खुर्च्या उचलल्या गेल्या. लॅम्परूममध्ये रॅकवर सगळे दिवे चार्जिंगला लागले होते, मधला एक खण तेवढा मोकळा.

"काकू, किल्ली," साहेब दारातून म्हणाले.

"बिल्ला आहे अजून."

"अहो, सापडला ना पोरगा."

"ज्याचा त्याने काढायचा."

साहेबांनी खुंटीकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "बरं, उद्या द्या."

ते गेल्यावर काकूंनी पुन्हा फोन लावला.

"अरे शहाण्या, तो दिवा इथल्या रॅकशिवाय कुठेच चार्ज होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे लावलास, आतलं चार्जिंग संपलं, की कायमचा विझलाच समज."

पलीकडे सॅकची चेन उघडल्याचा आवाज आला.

"मग मी लावतच नाही," पोरगा म्हणाला.

"हं. नको लावूस."

काकूंनी फोन ठेवला, खिडकीची फळी वर केली, आणि पाळी वर यायच्या वेळेला बसायच्या तशा स्टुलावर बसून राहिल्या.