विजेला हरवणारे तीर्थ

दवाखान्याच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीला लागून, सकाळी सातपासूनच माणसांचे कडे पडलेले असायचे. मधोमध अंगभर भस्म फासलेले भस्मप्पा महाराज आणि त्यांच्यासमोर तीर्थाची तांब्याची घागर.

"आभाळातली वीज कुणाच्या हुकमात?" महाराज गरजत.

"महाराजांच्या!"

"मग पेटीतल्या विजेची काय बिशाद? वळसंगच्या गौरम्माला डॉक्टरांनी तीनदा करंट लावला. पाऊल हललं का?"

"न्हाय हललं!"

"हलंल कसं? माझं तीर्थ आत उभं हाय की!"

डॉक्टर मुकुंद खाली मान घालून सायकल आत घेई. महाराजांचे एक म्हणणे खरे होते. पाऊल हलले नव्हते.

मुकुंद भूल देणारा डॉक्टर. गौरम्माचे मूल पाळण्यातच गेले, तेव्हापासून ती बोलेनाशी झाली होती. घास तोंडात घातला तरी गिळत नव्हती, नाकातल्या नळीने पेज द्यावी लागे. एकदा तिला विहिरीच्या काठावरून ओढून आणले होते. मनोविकाराच्या डॉक्टरांनी विजेचे झटके सांगितले. आधी भूल, मग अंग सैल करणारे औषध, मग कपाळाच्या दोन्ही बाजूंना मीठपाणी चोळून मेंदूला क्षणभर करंट. एका पायाला रक्तदाबाचा पट्टा आवळायचा, म्हणजे सैल करणारे औषध त्या पावलात उतरत नाही. डोक्यात झटका नीट उठला की एवढे एक पाऊल थरथरते. गौरम्माचे पाऊल तीनही वेळा दगडासारखे पडून राहिले, आणि खिडकीतून डोकावणाऱ्या नातेवाइकांनी ते पाहिले.

"आणिक एकदा बघतो, डॉक्टरसाहेब," तिचा नवरा शंकरप्पा म्हणाला होता. "न्हाय जमलं, तर नेतो महाराजांच्या मठात."

मठात तिला नळीने अन्न कोण देणार? ती महिनाभरही टिकली नसती.

मुकुंदने सगळ्यात आधी स्वतःवरच संशय घेतला. भुलीचे पेन्टोथाल जास्त झाले की झटका दबतो, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने मात्रा कमी केली होती, मग आणखी कमी. मोठे डॉक्टर म्हणाले, "भुलीला ते नवं केटामीन देऊन बघ, त्यानं झटका दबत नाही." पण त्याने रक्तदाब चढतो, भीतिदायक स्वप्ने पडतात. आधीच भेदरलेल्या बाईला ते कसे द्यायचे? आणि एक गोष्ट मुळीच जुळत नव्हती. एवढ्याशा पेन्टोथालने गौरम्मा अशी खोल बुडाली होती, की तिसऱ्या वेळी तिचा श्वासच थांबला. किती तरी वेळ तो रबरी पिशवी दाबून तिला श्वास देत बसला होता.

चौथ्या झटक्याच्या दिवशी तो लवकर वॉर्डात गेला. बाकावर गौरम्माची सासू रत्नम्मा तोंड उघडे टाकून घोरत होती.

"ह्या रोज अशाच झोपतात?" त्याने दुर्गा सिस्टरला विचारले.

"छे! करंटाच्या दिवशीच. एरवी आम्हाला झोपू देत नाहीत."

मुकुंद थबकला. म्हातारीला त्याने भूल दिली नव्हती. त्याने तिला हलवून उठवले.

"आजी, सुनेला पहाटेपासून काय दिलंत?"

"काय बी न्हाय. तुमीच सांगितलंय की उपाशी ठिवा. कडक उपास हाय तिचा. मी बी धरलाय तिच्यासंगं."

"पाणी? औषध? तीर्थ?"

"तीर्थानं कुटं उपास मोडतो व्हय?" रत्नम्मा फणकारली. "महाराज सोता सांगत्यात. तिला नळीतनं वाटीभर, मला वाटीभर. करंट आत शिरू नये म्हून."

तिने कनवटीची बाटली काढून दिली. कापूर, तुळस, साखर. मुकुंदने थेंब जिभेवर ठेवला. साखरेमागून जहाल कडूपणा आला. तळाशी पांढरा गाळ होता.

"आज करंट नाही," तो म्हणाला. "ह्यात काही मिसळलंय का, ते महाराजांनाच घोटभर पाजून बघू. आजी, चला माझ्यासोबत. शंकरप्पा, तुम्हीही."

फाटकाबाहेर गर्दी पाहून मुकुंद टपरीपाशीच थांबला. रत्नम्माच त्याच्या हातातली बाटली घेऊन पुढे झाली.

"महाराज, ह्यातला घोटभर घ्या की."

"आज माझा निर्जळी उपास हाय, माय."

"तीर्थानं मोडत न्हाय, तुमीच सांगितलंसा!"

"हे भक्तांसाठी हाय. आमच्या अंगात आधीच लई तेज—"

"मग घोटानं काय हुतंय, म्हाराज? तेजात तेज!" टपरीवाला ओरडला आणि गर्दी हसली.

महाराज झोळी उचलून उठले. शंकरप्पाने झोळीचे टोक धरले. ओढाताणीत खलबत्ता पडला आणि पत्र्याची डबी उघडून पांढऱ्या गोळ्या मातीत विखुरल्या. मुकुंदने डबीवरची चिठ्ठी वाचली आणि डबी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"ह्या झोपेच्या गोळ्या आहेत. ह्यांच्यामुळे डोक्यातला झटका उठत नाही, म्हणून पाऊल हललं नाही. माझं भुलीचं औषध ह्याच जातीचं. दोन्ही एकदम पोटात आणि रक्तात गेली, आणि मागच्या वेळी ही बाई माझ्या हातात मरत होती."

रत्नम्माने बाटली मातीत उपडी केली. "म्या पाजलं गं बाई तिला. माझ्याच हातानं."

"तुम्ही उपास खरा पाळलात, आजी," मुकुंद म्हणाला. "मी पहिल्याच दिवशी नीट विचारायला हवं होतं."

गोळ्यांचा अंमल उतरायला चार दिवस दिले. पाचव्या सकाळी थोडेसे पेन्टोथाल पुरले, आणि पट्टा बांधलेले पाऊल चांगले अर्धा मिनिट थरथरले. पुढच्या तिसऱ्या झटक्यानंतर, दुपारी, गौरम्माने कपाळाशी हात नेला आणि सासूला विचारले, "अत्ती, डोस्क्याला हे मीठपाणी कुणी चोळलं? पार जटा झाल्यात की."

ती जगली, हा चमत्कार नव्हता. पाऊल हलले नाही, तोही नव्हता. वाटीभर पाण्यात विरघळलेल्या गोळ्यांना लोकांनी देव म्हटले, इतकेच. वाचकहो, तुमच्या माणसाच्या तोंडात तीर्थ, अंगारा, मुळी, काहीही गेले असेल तर डॉक्टरांना सांगा, लाजू नका. आणि विजेला हरवलं म्हणणारा कोणी भेटला, तर हात जोडण्याआधी त्याची झोळी उघडायला सांगा.