खुंटीवरचा मणी

"संध्याकाळी सूनबाई यायच्या आत सोडायचा हं, मावशी. विसराल."

"आजवर विसरले का?" असं म्हणत मावशींनी आजीच्या कडेवरचा नातू आपल्या कडेवर घेतला. त्याच्या इवल्याशा मनगटावर काळा दोरा होता आणि दोऱ्यात निळा मणी. आजी वळणाआड गेली, तसा मावशींनी दोरा अलगद सोडला आणि पाळण्यावरच्या उंच खुंटीला अडकवला.

कारण सूनबाईनेही बजावून ठेवलं होतं. "सासूबाई काहीतरी बांधतीलच, ते आधी काढा. हा दिसेल ते तोंडात घालतो. मणी घशात अडकला म्हणजे?"

दोन खोल्यांचं पाळणाघर चालवता चालवता मावशींचे केस पिकले होते. वयाने मोठी असलेली आजीसुद्धा त्यांना मावशीच म्हणायची. खोटं बोलायचं नाही, पण विचारल्याशिवाय खरंही सांगत सुटायचं नाही, एवढं त्या धंद्यात शिकल्या होत्या. दोघींची मनं राखली जात होती, मणी पोराच्या हाताबाहेर होता आणि पोर बाळसं धरत होतं. आणखी काय हवं?

एका दुपारी मात्र पोराचं अंग कढत लागलं. मावशींनी सूनबाईला फोन लावला, तिने उचलला नाही. मग आजीला लावला. तेवढ्यात सूनबाईचा उलटा फोन आला, तिलाही सांगितलं. थोड्या वेळाने पाहतात तो दोघी एकदमच दारात. सूनबाई डॉक्टरांना विचारून औषध घेऊनच आली होती. तिने ते पोराला पाजलं. आजीने त्याचं मनगट चाचपलं.

"दोरा कुठाय?"

"कसला दोरा?" सूनबाईने विचारलं.

आता विचारलंच होतं. मावशींनी खुंटीकडे बोट दाखवलं. "त्या रोज बांधायच्या, मी रोज सोडायचे. शब्द दोघींना दिला होता. म्हटलं, राखणच करायची तर वरूनही करील."

"तरीच ताप आला," आजी पुटपुटली.

"दात येतायत म्हणून आला," सूनबाई म्हणाली. "आई, तुम्ही शाळेत शिकवायचात ना? आणि तुम्हीसुद्धा असलं मानता?"

आजी स्टुलावर टेकली. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"याच्या बापाच्या आधी मला एक मुलगी झाली होती. माझी सासू असाच दोरा घेऊन आली. मी बांधू दिला नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, म्हणाले. आजही नाही. दोऱ्याने ती वाचली नसती, कळतं मला. पण निदान बांधला होता, एवढं तरी म्हणता आलं असतं."

आतल्या खोलीत कुणाचं तरी पोर झोपेत कुरकुरलं. मावशी उठल्या नाहीत.

"मला कुणी सांगितलंच नाही," सूनबाई हळूच म्हणाली. मग विचारलं, "नाव काय ठेवलं होतं?"

आजीने नाव सांगितलं. सांगताना तिला दोनदा सुरुवात करावी लागली.

सूनबाईने मावशींकडे सुईदोरा मागितला. खुंटीवरचा दोरा काढून घेतला, त्यातला मणी आजीच्या तळहातावर ठेवला आणि पिशवीतल्या धुतलेल्या झबल्याच्या आतल्या शिवणीत तो काळा दोरा शिवायला घेतला.

"आता तोंडात जायचा नाही."

"टाके जरा जवळ जवळ घाल," आजी म्हणाली.

"घालतेय, आई."

मावशींना हसू आलं. उद्यापासून आपलं एक काम कमी झालं, असं म्हणत त्या चहा टाकायला उठल्या.

चहा होईतो पोराला घाम फुटला, ताप उतरला, आणि ते आजीच्या खांद्यावर गाढ झोपून गेलं.

"द्या माझ्याकडे, दमाल," सूनबाई फाटकाशी म्हणाली.

"जागा होईल."

मावशी उंबऱ्यात उभं राहून पाहत होत्या. आजी हळूहळू चालत होती. आणि एरवी घाईने झपझप जाणारी सूनबाई तिच्या पावलाला पाऊल देत, दोघांवर ऊन येऊ नये म्हणून ओढणी वर धरून निघाली होती.