डावा हात पुढे

जरा डोळ्यांसमोर आणा. रविवारची सकाळ आहे. सुरतेत, कोसाडच्या वसाहतीत, दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत तुमच्याच वयाच्या मुली रांगेत उभ्या आहेत. वरच्या गॅलऱ्यांतून ओल्या चादरी लोंबताहेत. तुम्ही आज पहिल्यांदाच आलात, म्हणून रांगेच्या शेवटी उभे आहात. पांढऱ्या केसांच्या एक बाई चालत येतात, तुमच्यासमोर थांबतात, हसतात आणि हात पुढे करतात. डावा हात. तुम्ही काय कराल?

नूतनने आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"बेन, डाव्या हाताने पाप लागतं," ती म्हणाली.

रांगेत खसखस पिकली. "एने तो कंई खबर ज नथी!" नव्या मुलीला काहीच ठाऊक नाही, हे श्वेताने मोठ्याने सगळ्यांना सांगून टाकलं.

मंगलाबाईंनी हात तसाच पुढे ठेवला. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता या वसाहतीत मुलींचं गाइड पथक चालवत होत्या. मराठी असो की गुजराती, सगळ्या मुली त्यांना मंगलाबेन म्हणत.

"आपल्या गाइडमध्ये भेटताना डावाच हात देतात," त्या म्हणाल्या. "हृदय डावीकडे असतं ना, म्हणून."

"सगळेच देतात? मोठी माणसंपण?"

"मोठा साहेब आला तरी."

"आणि कोणी हसत नाही?"

"उजवा पुढे केला तर हसतात."

नूतनने थोडा विचार केला. मग गरम भांड्याला बोट लावून बघावं तसा तिने बेनच्या हाताला हात लावला, आणि एकदम घट्ट धरला.

असं ती का विचारत होती, ते सांगतो. तिचे वडील धुडकू. अमळनेरकडून सुरतेला आलेले, कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होते. एक दिवस कापडाबरोबर त्यांचा उजवा हात मशीनच्या रुळांत गेला आणि बोटं गेली. जखम भरली. पुढे कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद जमले. प्रसाद वाटत इंदुकाकू आल्या तेव्हा धुडकूंनी उरलेला हात पुढे केला. काकू सवयीने बोलून गेल्या, "डावा नको करू रे भाऊ, देवीना परसाद से."

काकूंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण धुडकूंनी हात मागे घेतला तो घेतलाच. त्यानंतर ते कोणाच्या लग्नाला गेले नाहीत, खाली चहाच्या टपरीवरही गेले नाहीत. न जाणो, कोणी हात पुढे केला तर? उजव्या हातावर टॉवेल गुंडाळून ते खाटेवर बसून राहत. नूतनची आई, कमल, साड्यांचे धागे कापायच्या कामाला जायची. नूतन शाळेतून येऊन भांडी घासायची. घरात बोलणं फार कमी झालं होतं, आणि नूतनही इतकं हळू बोलायला लागली होती की शाळेत हजेरी दिली तरी ऐकू जात नसे.

मंगलाबेनची शिकवायची एक तऱ्हा होती. त्या मुद्दाम चुकायच्या. बटण लावायला घ्यायच्या आणि दोऱ्याला गाठच मारायच्या नाहीत. गॅस पेटवताना आधी बटण फिरवायच्या आणि मग लायटर शोधत बसायच्या. "बेन, असं नाही!" मुली ओरडायच्या. "मग कसं गं? मला नाही बाई जमत," असं म्हणून बेन हातातली वस्तू त्यांच्याकडे देऊन टाकायच्या. बहुतेकींचे आईबाप पाळीवर असायचे आणि घराची चावी मुलींच्या गळ्यात असायची. त्या रविवारच्या तासात त्या मोठा रस्ता ओलांडायला शिकल्या, भाजलं तर काय करायचं ते शिकल्या, हरवलो तर पत्ता खणखणीत आवाजात सांगायला शिकल्या. एकदा बेननी कोसाडऐवजी भलताच पत्ता सांगितला तेव्हा सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्याने "चूक!" असं ओरडली ती नूतन. ओरडल्यावर ती स्वतःच दचकली.

मग आली गाठ. पुरात अडकलेल्याला दोर टाकला, की त्याने तो स्वतःच्या कमरेला बांधायचा. ही गाठ ओढली तरी आवळत नाही.

"एका हाताने झाड धरलंय, दुसरा एकच हात मोकळा आहे. तरी बांधता येते," बेन म्हणाल्या.

"डाव्या हाताने?" नूतनने विचारलं.

"हो. वेळ लागतो, पण येते."

"आने डाबोडी थवुं छे, डावखुरी व्हायचंय हिला!" श्वेता खिदळली.

"तुले काय करनं से?" नूतनच्या तोंडून घरची भाषाच निघाली, आणि श्वेताला शब्द कळले नाहीत तरी अर्थ बरोबर कळला.

पुढच्या दोन रविवारांत नूतनला गाठ पक्की आली. पण घरी मात्र ती एक गंमत करायला लागली. साडीच्या काठाची लांब पट्टी कमरेभोवती घ्यायची, उजवा हात पाठीशी ठेवायचा, आणि खाटेसमोरच उभं राहून गाठ बिघडवायची. पुन्हा घ्यायची, पुन्हा बिघडवायची.

"काय करी राहिनी व?" शेवटी एका संध्याकाळी धुडकूंनी विचारलं.

"गाठ. येत नही माले, आबा."

"उलटी फिरी राहिनी तू. खालतून ले."

नूतनने वरून घेतली.

"खालतून म्हनस ना मी! आण अठे."

पट्टी त्यांच्या डाव्या हातात गेली. कमरेभोवती वळली, निसटली. पुन्हा वळली, पुन्हा निसटली. ओट्यापाशी कमलने गॅस बारीक केला, पण मान वळवली नाही. बऱ्याच वेळाने गाठ बसली. धुडकूंनी ओढून पाहिली. पक्की होती. हसू लपवायला त्यांनी मिशीवरून हात फिरवला, आणि तो हात डावा होता.

नूतनने संधी साधली. "आबा, रविवारले माले स्कार्फ भेटी. खाले चाल ना."

"मी काय करू तठे ईसन? लोके हात देतीन."

"तठे डावाच देतस. सगळा."

"मन राखाले काहीबी सांगस तू," ते म्हणाले आणि पट्टी सोडायला लागले.

रविवारी मुलींनी गाइडचं वचन म्हटलं. बेननी एकेकीच्या गळ्यात स्कार्फ घातला. नूतन सावधान उभी होती, पण डोळे जिन्याकडे होते. कमल आली, एकटीच. नूतनने डोळे समोर वळवले. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं तर आईच्या मागे टॉवेल दिसला.

बेन आता बघायला आलेल्या आईवडिलांच्या रांगेकडे वळल्या. श्वेताचे वडील भूपेंद्रभाई रिक्षा चालवायचे. बेननी डावा हात पुढे केला, तर त्यांनी ऐटीत उजवा दिला.

"ऊंधो हाथ, पप्पा!" श्वेता किंचाळली. मुली हसल्या, भूपेंद्रभाई जीभ चावून हसले आणि त्यांनी हात बदलला. पुढच्या बाईंचाही उजवाच. पुन्हा हशा.

बेन धुडकूंसमोर आल्या. हात पुढे केला.

धुडकूंना फक्त हसण्याचा आवाज ऐकू येत होता. त्यांचा डावा हात टॉवेलवर होता, तो तिथेच घट्ट झाला. ते एक पाऊल मागे सरले. बेननी हात तसाच पुढे ठेवला. कमल जमिनीकडे बघू लागली.

आता सांगा, रांगेतून हलायचं नाही असा नियम आहे. तुम्ही काय केलं असतं?

नूतन रांग सोडून निघाली. आबांच्या शेजारी येऊन उभी राहिली. नवा स्कार्फ गळ्यात, सगळ्या मुलींचे डोळे तिच्यावर. आणि तिने बेनपुढे आपला उजवा हात केला.

पथकात एकच गलका उठला. "ए नूतन! तारो पण ऊंधो!"

नूतनने हात मागे घेतला नाही. चुकीचाच हात, तिने ताठ पुढे धरून ठेवला.

"तो नही व," धुडकू खाली वाकून पुटपुटले. "डावा. हाऊ, असा."

आणि त्यांचा डावा हात मंगलाबेनच्या हातात गेला. बेननी तो लगेच सोडला नाही.

नूतन परत जाऊन रांगेत उभी राहिली. धावपळीत स्कार्फ मानेवर तिरका झाला होता. तो तिने सरळ केला आणि समोर बघत सावधान झाली.