रिकामी गाठ

सीमा नंदुरबारला मिरच्या वाळवायच्या पथारीवर त्यांचे देठ खुडते. दीड वर्षाच्या लेकीला घेऊन ती आमच्या दवाखान्यात आली. जुलाब किती वेळा झाले, असे मी विचारले. तिने पदराची गाठ सोडली. आत सहा देठ होते, प्रत्येक जुलाबाचा एक.

मग तिने दुसरे, मोकळे टोक दाखवले. "मुतनी का मी आठे ज्वारीना दाना बांधस, म्याडम. सकायपशी एक बी नही, म्हनीसन उनू."

मुलीचे डोळे खोल गेले होते, पण ती पाण्याच्या वाटीकडे झेपावत होती. जुलाब सगळ्याच आया मोजतात. न झालेली लघवी मोजणारी आई मी प्रथमच पाहिली.

सीमाच्या मांडीवरच्या मुलीला आम्ही चमच्याने जलसंजीवनी पाजत राहिलो. तीन तासांनी सीमाची मांडी ओली झाली.

"आते साडी धोवनी पडी," ती हसून म्हणाली.