तीन भिंतींचं घर

पडद्यावरच्या कपातून वाफ निघाली आणि हॉलमधली चाळीस-पन्नास माणसं एकदम गप्प झाली. मग चित्र कपावरून उचललं गेलं, गॅलरीच्या दारातून हळूच आत सरकलं आणि एका दिवाणखान्यात येऊन थांबलं. फरशीवर संध्याकाळचं ऊन पसरलं होतं आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते. मागे पियानो वाजत होता. एक लहान मुलगी पाठमोरी धावत गेली. तिचा चेहरा दिसला नाही. असल्या चित्रांत तो सहसा दिसत नाही, कारण चेहऱ्याला मेहनत जास्त लागते.

"धूळसुद्धा दिसते हो," पुढच्या रांगेतून हेडसर म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक, माझ्या ताईच्या वरच्या मजल्यावर राहतात. "खरं असल्याशिवाय धूळ कुठून येईल?"

मी तीस वर्षं सिनेमाच्या सेटवर सुतारकाम केलंय, धूळ कुठून येते ते मला ठाऊक आहे. आम्ही ती डब्यातून उडवायचो, आता कॉम्प्युटरमधून उडवतात. पण जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलेल्या माणसाने धुळीला पुरावा मानावं, याची मला शिसारी आली.

ताईची इमारत जुनी. बारा बिऱ्हाडं, चार मजले, लिफ्ट नाही. बिल्डरला ती पाडून नवी बांधायची होती. बारापैकी नऊ जणांच्या सह्या झाल्या की दोन महिन्यांत सगळ्यांनी जागा सोडायची, असं कागदावर ठळक लिहिलं होतं. परत कधी यायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आठ सह्या झाल्या होत्या. नववी ताई करणार होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिने चोवीस वर्षं शिवणकाम केलं, मेहुणे गेल्यावर त्याच शिवणावर घर चालवलं. आता तिचे गुडघे जिना चढू देत नव्हते. लिफ्टचं स्वप्न पडणं हा काही तिचा गुन्हा नव्हता.

दिवे लागले आणि द्रष्टे स्टेजवर आले. बिल्डरच्या या माणसाला सगळेच द्रष्टे म्हणत, तो स्वतःसुद्धा. पांढरे कपडे, अनवाणी पाय, कानाला माइक आणि आवाजात पाव किलो साखर.

"हे चित्र नाही," तो म्हणाला. "चित्र काढावं लागतं. हे घर उभं आहे. उद्याच्या काळात उभं आहे. आपले डोळे तिथवर पोहोचत नाहीत, माझा कॅमेरा पोहोचतो. मी फक्त जाऊन शूटिंग करून आलो."

उद्यात जाऊन शूटिंग करून आलेला हा माणूस मघाशी स्टेजची पायरी न दिसल्याने धडपडला होता. ते कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"आज एका भाग्यवान ताईंना त्यांचं स्वतःचं घर दिसणार आहे," तो म्हणाला. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या टकल्या माणसाने बटण दाबलं.

पुन्हा अंधार, पुन्हा पियानो. प्रशस्त खोली, पलंग, खिडकी. खिडकीखाली ताईचं पायमशीन होतं, डावा खण निखळलेला. भिंतीवर मेहुण्यांचा फोटो होता, तोच, पोपटी चौकटीतला. ऊन सरकत सरकत बरोबर त्यांच्या चेहऱ्यावर येऊन थांबलं.

ताईने माझा हात घट्ट धरला. "अरे, हे बघ ना. हे आधीच तिथे जाऊन बसलेत."

हॉलमध्ये हुंदके सुरू झाले. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. मेलेल्या माणसाचा फोटो उचलून त्याच्या बायकोपुढे आमिष म्हणून टांगायचा, आणि वर त्याच्यावर ऊन पाडायचं. हे करणाऱ्याच्या हाताला घाण कशी लागत नाही?

"ताई, गेल्या आठवड्यात मोजणीवाला आला होता ना?" मी म्हणालो. "फोनवर फोटो काढत होता."

"तो भिंतींचे काढत होता."

"भिंतीवर काय होतं?"

ती चिडली. "तुला कशातच काही चांगलं दिसत नाही. सेटवर खोटं बघून बघून तुझे डोळे कामातून गेलेत." असं म्हणून ती पुढे गेली. टेबलावर कागद आणि पेन तयार होतं; तिने पेन उचललं. पडद्यावर तिची खोली अजून उजळलेली होती.

तिला चित्र खोटं आहे म्हणून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून मी तिच्या कामातलं विचारलं.

"सही कर, पण एक सांग. तुझ्या मशीनची फळी किती रुंद?"

"तीन फूट," ती वळूनही न बघता म्हणाली.

"माहितीपत्रकात लिहिलंय, फरशी दोन फुटांची. मग मशीनखाली किती फरश्या यायला हव्यात?"

"दीड," ती म्हणाली आणि तिने पडद्याकडे पाहिलं. आयुष्यभर नजरेने मापं घेतलेली बाई ती. पेन हातातच राहिलं. "एकच आहे," ती सावकाश म्हणाली. "माझं मशीन दोन फुटांचं केलंय." मग तिने पलंगाखालच्या फरश्या मोजल्या. "आणि हा पलंग चार फूट लांब. यावर कोण झोपणार, बाहुली?"

मागे कुणीतरी हसलं. द्रष्टे लगबगीने पुढे आले. "ताई, उद्याच्या काळातली मापं आजच्या फुटपट्टीने मोजायची नसतात."

"मग मी उद्या तीन फुटांची राहणार आहे का?" ताई म्हणाली. ती लॅपटॉपवाल्याकडे वळली. "अहो, माझं मशीन तीन फुटांचं करून दाखवा."

त्याने द्रष्ट्यांकडे पाहिलं, पण बोटं सवयीने चाललीच. मशीन मोठं झालं आणि पलंगात घुसलं. "पलंगही सहा फुटांचा करा." पलंग वाढला आणि दारात जाऊन अडकला. आता खोलीत पाऊल ठेवायला जागा उरली नाही.

"कॅमेऱ्याला रुंद भिंग लावलं तरी एवढ्याशा खोलीत उभं राहून हे सगळं एका चौकटीत येणार नाही," मी म्हणालो. "सेटवर आम्ही खोलीला तीनच भिंती करायचो. चौथीच्या जागी कॅमेरा. तुमचा कॅमेरा कुठे आहे?"

"भिंतीच्या बाहेर," लॅपटॉपवाला म्हणाला. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नसावं. "शेजारच्या घरात, साधारण सात फूट मागे. सगळेच असं करतात. नाहीतर खोली खोलीएवढीच दिसते."

"चौथी भिंत लावा," ताई म्हणाली.

द्रष्टे "थांब" म्हणेपर्यंत त्याने बटण दाबलं होतं. भलामोठा पडदा राखाडी झाला. ऊन नाही, पलंग नाही, काही नाही. नुसती एक भिंत, तीही मागच्या बाजूने. पियानो तेवढा वाजत राहिला.

मग ताई म्हणाली, "आता यांचा फोटो काढून टाका. माझ्यासमोर." त्याने फोटो पुसला. तिने पेन टेबलावर ठेवलं आणि जिन्याच्या कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत बाहेर पडली.

नववी सही झाली नाही. आठांतल्या तिघांनी दुसऱ्या दिवशी आपली सही मागे घेतली. द्रष्टे पुढच्या महिन्यात दुसऱ्या इमारतीतल्या लोकांना उद्या दाखवत होते म्हणे, आणि या वेळी फरश्याही मोजून लहान केल्या होत्या. लुच्चे लोक चुकांतून लवकर शिकतात.

हेडसर मला जिन्यात भेटले. "तुमच्यामुळे लिफ्ट गेली," ते म्हणाले. "खोटं होतं, मान्य. पण बघताना किती बरं वाटत होतं."

मला सगळ्यात जास्त किळस आली ती या वाक्याची. ठकवणारा पोटासाठी ठकवतो. पण ठकवलं गेल्याचं कळल्यावरही ज्याला ते गोड लागतं, त्याला कोण वाचवणार? नवं घर जरूर मागा. लिफ्ट तर मागाच, ताईही मागते आहे. पण ती आता कागदावर मापं मागते, तारीख मागते आणि बांधणाऱ्याची सही मागते. तुम्हीही मागा. कोणी सुंदर चित्र दाखवलं तर खुशाल बघा, डोळे भरून बघा. मग डोळे पुसा आणि विचारा, की हे बघताना मी नेमका कुठे उभा आहे.