आठवी दोरी

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. जुना म्हटल्याबरोबर डोळ्यांत पाणी आणू नका. मी डूख धरणारा तंबू आहे, बरं का!

मला एका बाईंनी शिवलं. पाणी झिरपू नये म्हणून त्या प्रत्येक शिवणीवर दोनदा लेप द्यायच्या आणि पुटपुटायच्या, "देवा, ह्याच्याखाली कुणाचं तरी लेकरू निजणार आहे." तोच माझा गुरुमंत्र. वजन साडेचार किलो, आणि वाऱ्यात ताणून धरायला अंगाला आठ दोऱ्या.

मला घेतलं ताईने. तिच्या धाकट्या भावाला घरात पैलवान म्हणत, कारण ओझं दिसलं की तो सगळ्यांत आधी पळ काढे. तरी दहा वर्षं दोघं मला आळीपाळीने पाठीवर घेऊन डोंगरात मुक्कामाला गेली. मला दोघं बुवा म्हणत. वादळ झालं की पैलवान माझ्या कापडावर हात फिरवायचा. "आपला बुवा आहे ना, मग कशाला भ्यायचं!" मी फुगून जायचो.

मग ताईला छातीचं दुखणं जडलं. वर्षभर ती घरात. तेवढ्यात पैलवानाने किलोभर वजनाचा नवा तंबू आणला आणि मला माळ्यावर फेकलं. तेही सोसलं असतं हो! पण त्याने माझ्या आठही दोऱ्या सोडल्या, गच्चीत बांधल्या आणि त्यांवर पायमोजे वाळत घातले. पायमोजे! त्या दिवशी मी शपथ घेतली. बेट्या, कधीतरी तुला माझी गरज लागेलच.

देव काही डोळे मिटून बसलेला नसतो. ताई बरी झाली. पहिल्याच मुक्कामाला निघताना म्हणाली, "तुझा तो कागद नको रे. मला गारठा बाधेल. बुवालाच घे. पण आधी गच्चीत उभारून बघ."

"अगं, हत्तीला काय चालवून बघायचं?" पैलवान हसला.

दोऱ्यांची त्याला आठवण नव्हती. मला होती. मी पिशवीत गप्प पडून राहिलो. नुसत्या गुदगुल्या होत होत्या.

डोंगराच्या धारेवर पोचलो आणि वारा सुटला, मागोमाग पाऊस. मी पैलवानाच्या हातातून निसटलो, त्याच्या तोंडावर फटकारे ओढले, त्याची टोपी दरीत भिरकावली.

"ताई, दोऱ्या कुठायत ह्याच्या?"

"गच्चीत. तुझे मोजे सांभाळतायत."

अजून एक फटका, म्हणून मी उसळलो, आणि ताई खोकली. खोल, कोरडं खोकली. ती भिजली तर दुखणं उलटणार होतं. माझं उगारलेलं कापड तसंच खाली आलं.

ताईने दोघांच्या बुटांच्या नाड्या काढल्या, माझ्या कड्यांत ओवल्या आणि मोठ्या दगडांना बांधल्या. "बुवा, त्याच्यावर हवं तेवढं रागाव. माझं छप्पर तेवढं राख."

राखलं. नाड्या कचकचत होत्या आणि मी दातओठ खाऊन उभा होतो. ताईच्या अंगावर एक थेंब पडू दिला नाही.

पैलवानाच्या बाजूची एक शिवण सैल झाली होती. ती मी आवळून धरू शकलो असतो. नाही धरली. टप्. टप्. नेमकं नाकावर. पार उजाडेपर्यंत.

मित्रांनो, मुक्कामासाठी छप्पर निवडताना नुसतं वजन बघू नका. वारा कसा असेल, सोबत कोण निजणार आहे, तेही बघा. निघण्याआधी एकदा उभारा, परतल्यावर वाळवून घडी घाला. आणि क्षमा हा मोठा गुण आहे, हे मलाही मान्य आहे. घरी आल्यावर पैलवानाने सात दोऱ्या परत बांधल्या, तेव्हा मी त्याला सात वेळा क्षमा केली.

आठवी अजून गच्चीतच आहे, मोज्यांसकट. म्हणून ती शिवणही मी तशीच ठेवली आहे.